लिनक्सवर वायफाय दिसत नाही? आधी 'मायनस टू' शोधा

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नियमित सपोर्ट थांबवला. विंडोज ११ ला इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर लागतो. त्यामुळे सहाव्या पिढीचे लॅपटॉप ठणठणीत असले तरी त्या यादीत बसत नाहीत. अशा लॅपटॉपवर लिनक्स टाकणं हा शहाणपणाचा निर्णय आहे. पण इन्स्टॉलेशन संपतं, कोपऱ्यात वायफायचं चिन्ह दिसत नाही आणि लगेच ठरलेलं वाक्य कानावर येतं: "लिनक्सला वायफायचे ड्रायव्हरच नसतात."

हे वाक्य बहुतेक वेळा चुकीचं असतं. ड्रायव्हर (कार्डाशी बोलणारा प्रोग्राम) लिनक्सच्या कर्नलसोबत, म्हणजे त्याच्या गाभ्यासोबतच आलेला असतो, नसतं ते फर्मवेअर (कार्डाच्या आत चालणारा प्रोग्राम). या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि त्यांच्यावरचे इलाजही वेगळे आहेत. वायफाय कार्डात नेमकं काय अडलंय ते कर्नल स्वतः लिहून ठेवतो, आपण फक्त ते वाचायचं असतं.

खालच्या कमांड उच्चाराप्रमाणे लिहिल्या आहेत. टर्मिनलमध्ये (कमांड टाइप करायच्या खिडकीत) त्या इंग्रजी लहान अक्षरांत टाइप करा, आकडेही इंग्रजीच ठेवा. दुरुस्तीसाठी इंटरनेट लागेल आणि वायफाय तर बंद आहे, तेव्हा अँड्रॉइड फोन केबलने लॅपटॉपला जोडा आणि फोनच्या सेटिंगमध्ये 'यूएसबी टेदरिंग' सुरू करा. त्याचा ड्रायव्हर जवळपास प्रत्येक लिनक्समध्ये आधीपासून असतो.

आता पहिली कमांड: 'एलएसपीसीआय', मग एक स्पेस, मग वजाचं चिन्ह आणि त्याला चिकटून 'एनएनके'. येणाऱ्या यादीत 'नेटवर्क कंट्रोलर' असा शब्द शोधा. त्या ओळीच्या शेवटाकडे चौकटी कंसात ८०८६:२४एफ३ असं काहीतरी दिसेल. माझ्या मते या सगळ्या प्रकरणातली सर्वांत देखणी गोष्ट हीच आहे.

पीसीआय पद्धतीच्या (थेट मदरबोर्डला जोडल्या जाणाऱ्या) प्रत्येक कार्डाला स्वतःची ओळख सांगता यावी लागते. त्यासाठी कार्डाच्या आत एक छोटी नोंदवही असते आणि तिच्या पहिल्या चार बाइट्समध्ये दोन आकडे असतात. पहिला कंपनीचा, दुसरा त्या मॉडेलचा. प्रत्येक आकडा १६ बिटांचा, म्हणजे ६५,५३६ शक्यतांपैकी एक. ८०८६ म्हणजे इंटेल (१९७८ सालच्या त्यांच्या गाजलेल्या प्रोसेसरचा हाच नंबर होता), १४ई४ म्हणजे ब्रॉडकॉम, १०ईसी म्हणजे रियलटेक, १६८सी म्हणजे अथेरॉस आणि १४सी३ म्हणजे मीडियाटेक. खोक्यावर किंवा लॅपटॉपखालच्या स्टिकरवर काहीही छापलेलं असो, खरी ओळख हीच. एकाच मॉडेलच्या दोन लॅपटॉपमध्ये वेगवेगळ्या कंपन्यांची वायफाय कार्डं निघू शकतात. म्हणून 'अमुक लॅपटॉपचा वायफाय ड्रायव्हर' असा शोध घेणं अर्धवट आहे. शोध नेहमी या आकड्यांनी घ्यावा.

मशीन सुरू होताना कर्नल प्रत्येक कार्डाचे हे आकडे वाचतो आणि त्यांची एक लांबलचक ओळ बनवतो: पीसीआय, व्ही अक्षरापुढे कंपनीचा आकडा, डी अक्षरापुढे मॉडेलचा, त्यानंतर कार्ड बनवून विकणाऱ्या कंपनीची ओळख आणि कार्डाचा प्रकार. या ओळीला 'मोडअलायस' म्हणतात. ती 'यूडेव्ह' नावाच्या प्रोग्रामकडे जाते. डिस्कवर 'मोड्यूल्स डॉट अलायस' नावाची फाइल असते आणि कोणता ड्रायव्हर कोणते आकडे सांभाळतो ते तीत लिहिलेलं असतं. कोणताही आकडा चालत असेल तिथे तारांकन असतं. ओळ जुळली की तो ड्रायव्हर मेमरीत चढतो. इंटेलच्या ८२६० कार्डाचे आकडे (वरचे ८०८६:२४एफ३) 'आयडब्ल्यूएलवायफाय' या ड्रायव्हरशी जुळतात. जुळणीच झाली नाही तर ड्रायव्हर चढत नाही, मग तुम्ही कितीही वेळा रीस्टार्ट करा.

ही जुळणी झाली की नाही ते आपल्या यादीतच कळतं. कार्डाच्या ओळीखाली 'कर्नल ड्रायव्हर इन यूज' आणि पुढे नाव असेल तर ड्रायव्हर जागेवर आहे. ती ओळच नसेल तर ड्रायव्हर नाही. आणि यादीत कार्डच नसेल तर ते यूएसबीचं असू शकतं ('एलएसयूएसबी' चालवून पाहा), बायोसमध्ये (मशीनच्या मूळ सेटिंगमध्ये) बंद असेल किंवा आत ढिलं बसलेलं असेल.

ड्रायव्हर आहे आणि तरीही वायफाय नाही, असं असेल तर 'सुडो डीमेसेज' ही कमांड चालवा ('सुडो' म्हणजे प्रशासकाच्या अधिकाराने; दुसरा शब्द डी-एम-ई-एस-जी असा टाइप करा). कर्नलची डायरी समोर येते. त्यात 'फर्मवेअर' हा शब्द शोधा. इंटेल ८२६० असेल तर अशी ओळ सापडू शकते: आयडब्ल्यूएलवायफाय-८०००सी-३६ डॉट यूकोड ही फाइल लोड करता आली नाही, एरर मायनस टू. मायनस टू म्हणजे 'अशी फाइल नाही'. ड्रायव्हर नव्या आवृत्तीपासून एकेक खाली उतरत जुन्या फाइली मागत जातो, म्हणून अशा ओळी पाच-सहा दिसतात. शेवटी एखादी फाइल सापडली असेल तर आधीच्या मायनस टूंची काळजी नको. 'डिबग-योयो' असं नाव असलेल्या फाइलचा मायनस टूही निरुपद्रवी असतो, त्याच्यामागे लागून अनेकांचे तास वाया गेले आहेत.

ही फाइल लागते कशाला? वायफाय कार्ड म्हणजे स्वतःचा प्रोसेसर असलेला छोटा संगणक. २.४ गिगाहर्ट्झवर एखादं पॅकेट मिळालं की 'मिळालं' ही पोच १० मायक्रोसेकंदांच्या अंतराने सुटावी लागते, ५ गिगाहर्ट्झवर १६. लिनक्स असो वा विंडोज, दहा कामं सांभाळणारी ऑपरेटिंग सिस्टिम दर वेळी इतक्या काटेकोर वेळेत उत्तर देऊ शकत नाही. म्हणून वेळेशी बांधलेलं काम कार्डाच्या आतच होतं. त्या आतल्या प्रोसेसरचा प्रोग्राम म्हणजे फर्मवेअर. तो कार्डात कायमचा कोरला तर चिप महागते आणि चूक सुधारणं अवघड होतं, म्हणून कार्डाची मेमरी रिकामी ठेवतात आणि दर वेळी वीज आली की ड्रायव्हर डिस्कवरची फाइल त्यात ओततो.

ड्रायव्हरचा सोर्स कोड खुला आहे. फर्मवेअर मात्र कंपनीचं, बंद. वाटायला परवानगी, आत पाहायला नाही. सगळं खुलंच हवं या तत्त्वापायी डेबियन या लिनक्सच्या प्रकाराने (अशा प्रकारांना डिस्ट्रो म्हणतात) वर्षानुवर्षं ते मुख्य इन्स्टॉलरबाहेर ठेवलं. २०२२ साली सदस्यांनी मतदान करून धोरण बदललं आणि जून २०२३ मधल्या डेबियन १२ पासून ते अधिकृत इन्स्टॉलरमध्ये आलं. जुन्या डेबियनवर सॉफ्टवेअर-स्रोतांच्या यादीत 'नॉन-फ्री' जोडा आणि 'सुडो एपीटी इन्स्टॉल फर्मवेअर-आयडब्ल्यूएलवायफाय' चालवा. उबुंटू आणि मिंट या डिस्ट्रोंवर 'लिनक्स-फर्मवेअर' हे पॅकेज पुन्हा बसवा. मग लॅपटॉप पूर्ण बंद करून सुरू करा.

ड्रायव्हरच जुळला नाही, तर दोन शक्यता. कार्ड नवं आणि कर्नल जुना: रियलटेकच्या आरटीएल ८८२१सीई (१०ईसी:सी८२१) ला कर्नल ५.९ पासूनच ड्रायव्हर मिळाला, तेव्हा नवा कर्नल घेणं हाच इलाज. दुसरी शक्यता ब्रॉडकॉम बीसीएम ४३१४२ (१४ई४:४३६५) सारख्या कार्डांची. त्यांना कंपनीचा बंद ड्रायव्हर वेगळा बसवावा लागतो. उबुंटूवर त्याचं पॅकेज 'बीसीएमडब्ल्यूएल-कर्नल-सोर्स'. असा बाहेरचा ड्रायव्हर दर कर्नल अपडेटला तुमच्याच मशीनवर नव्याने बांधला जातो आणि त्यासाठी 'लिनक्स-हेडर्स' पॅकेज लागतं. ते नसेल तर 'काल चालत होतं, अपडेटनंतर गेलं' ही तक्रार ठरलेलीच. सिक्युअर बूट (फक्त सही असलेला कोड चालू देणारी सोय) चालू असेल तर आणखी एक अडथळा येतो. इन्स्टॉल करताना पासवर्ड मागितला जातो आणि रीस्टार्टनंतर निळा पडदा दहा सेकंद थांबतो. तिथे कळ दाबून 'एन्रोल एमओके' निवडून तोच पासवर्ड द्यायचा असतो. पुष्कळ जण तो पडदा निघून जाऊ देतात, मग सही न जुळलेला ड्रायव्हर कर्नल नाकारतो.

इथे एक गोष्ट ठासून सांगायला हवी. अडचण कुठे आहे हे न पाहता सगळं फॉरमॅट करणं, डिस्ट्रो बदलत राहणं, किंवा दुसऱ्याच आकड्यांच्या कार्डासाठी लिहिलेल्या 'सुडो' कमांड डोळे मिटून चिकटवणं म्हणजे ताप न मोजता अंगारा लावणं. सिग्नल वाढवणारे म्हणून विकले जाणारे सोनेरी स्टिकरही त्याच जातीचे. त्यांना वीज नाही, अँटेनाशी जोडणी नाही, त्यांनी काहीही वाढत नाही.

ड्रायव्हर आणि फर्मवेअर दोन्ही ठीक असतील तर 'आरएफकिल लिस्ट' चालवा, वायफाय कुठे बंद करून ठेवलंय का ते ती सांगते. 'सॉफ्ट ब्लॉक्ड: येस' असेल तर 'सुडो आरएफकिल अनब्लॉक वायफाय'. 'हार्ड ब्लॉक्ड: येस' असेल तर कमांडने सुटत नाही, कारण तिथे कार्डाच्या एका पिनवर प्रत्यक्ष बंदीचा सिग्नल असतो. बाजूचा स्विच किंवा फंक्शन-कळ शोधा. लॅपटॉपला स्विचच नसताना काही लेनोवोंवर 'आयडियापॅड-लॅपटॉप' हे मोड्यूल (कर्नलमध्ये चढणारा ड्रायव्हर) खोटा हार्ड ब्लॉक दाखवतं. ते ब्लॅकलिस्ट केलं, म्हणजे चढूच दिलं नाही, की सुटतं.

वायफाय जोडलेलं आहे पण शेजारच्या खोलीत गेलं की मरतं, अशा वेळी 'आयडब्ल्यू डेव्ह', मग तुमच्या इंटरफेसचं नाव (उदाहरणार्थ डब्ल्यूएलपी२एस०), मग 'लिंक' टाइप करा. सिग्नल उणे ५० डीबीएमच्या (सिग्नलची ताकद मोजायचं एकक) आसपास असेल तर उत्तम, उणे ८० म्हणजे कठीण. फरक ३० डेसिबेलचा दिसतो, पण शक्तीच्या हिशेबात तो हजार पट आहे. राउटरशेजारी बसूनही उणे ८० येत असेल आणि कार्ड रियलटेक आरटीएल ८७२३बीई (१०ईसी:बी७२३) असेल, तर दोष अँटेनात शोधा. या कार्डाला अँटेनाची दोन टोकं असतात. काही लॅपटॉपांत वायर एकाच टोकाला जोडलेली असते आणि ड्रायव्हर नेमका रिकाम्या टोकावर ऐकत बसतो. 'ईटीसी'खालच्या 'मोडप्रोब डॉट डी' फोल्डरमध्ये 'कॉन्फ'ने संपणाऱ्या नावाची नवी फाइल करा आणि एकच ओळ लिहा: 'ऑप्शन्स आरटीएल८७२३बीई', स्पेस, 'एएनटी', अंडरस्कोर, 'एसईएल', बरोबरचं चिन्ह, २. रीस्टार्ट करून सिग्नल पुन्हा मोजा. फरक पडला नाही तर २ च्या जागी १ टाका आणि परत मोजा.