हीट पंपात दरवर्षी गॅस भरावा लागतो?
नाही. सर्व्हिसिंग म्हणजे गॅस भरणं, हा समज वर्षानुवर्षं चालत आलाय आणि त्यापायी लोकांचे पैसे नाहक जातात. हीट पंप म्हणजे एसीसारखंच उष्णता एकीकडून दुसरीकडे नेणारं यंत्र. ती उष्णता वाहून नेणारा त्यातला गॅस पेट्रोलसारखा जळून संपत नाही; बंद नळ्यांमधून तोच तो फिरत राहतो. कमी झालाच, तर कुठेतरी गळती आहे. अनेकदा सांध्याजवळ तेलाचा चिकट डाग दिसतो, साबणाचं पाणी लावलं की बुडबुडे येतात. चांगला मेकॅनिक आधी ही गळती शोधून दुरुस्त करतो, मग व्हॅक्यूम पंपाने नळ्यांमधली हवा आणि ओल काढतो, आणि कंपनीने ठरवून दिलेला गॅस वजनकाट्यावर मोजूनच भरतो. आल्या आल्या सिलिंडर जोडायला निघालेल्याला सरळ थांबवा. फिल्टरची सफाई मात्र नियमित हवीच.