वाणिज्य पदवीचा अभ्यासक्रम व श्रेयांकांच्या अटी (बडोदे)

वाणिज्य किंवा व्यवसाय प्रशासन या विषयांतील पहिली पदवी (बी.कॉम., बी.बी.ए.) मिळवण्यासाठी पुऱ्या कराव्या लागणाऱ्या विषयांची, श्रेयांकांची (क्रेडिटची) व परीक्षांची चौकट. ही नोंद मुख्यतः बडोद्याच्या बी.कॉम. पदवीपुरती आहे. देशभर लागू असलेल्या विद्यापीठ अनुदान आयोगाच्या अटी जेथे त्याच आहेत तेथे तसे म्हटले आहे.

प्रारंभ. बडोद्यात वाणिज्याचे महाविद्यालयीन शिक्षण केव्हा सुरू झाले, याची दोन उत्तरे दिली जातात. प्रतापसिंह कॉमर्स कॉलेज अँड इन्स्टिट्यूट ऑफ इकॉनॉमिक्स ही संस्था १९४२ मध्ये निघाली. महाराजा सयाजीराव विद्यापीठ १९४९ मध्ये स्थापन झाल्यावर तिची वाणिज्य विद्याशाखा झाली. विद्यापीठापासून मोजणारे १९४९ धरतात. परंतु अध्यापन, अध्यापक व विद्यार्थी यांची परंपरा सलग असल्याने १९४२ हेच साल धरणे अधिक सयुक्तिक दिसते. मधल्या सात वर्षांत बडोद्याला स्वतःचे विद्यापीठ नव्हते, त्यामुळे शिक्षण बडोद्यात आणि पदवी मुंबई विद्यापीठाची, अशी व्यवस्था होती. १८८१ च्या बडोदा कॉलेजचीही तीच स्थिती होती. बडोद्याच्या जुन्या मराठी कुटुंबांत आजोबांची पदवी ‘मुंबईची’ असल्याचे सांगतात, त्याचा उलगडा यात आहे.

मुंबईचे सिडनहॅम महाविद्यालय (१९१३) हे ‘आशियातील पहिले वाणिज्य महाविद्यालय’ असे विधान मराठी व गुजराती लेखनात वारंवार येते. ते जसेच्या तसे घेऊ नये. टोकियोतील आजचे हितोत्सुबाशी विद्यापीठ आपला उगम १८७५ च्या व्यापारी शाळेत शोधते व १८८७ पर्यंत तिला उच्च वाणिज्य शाळेचा दर्जा मिळाला होता. मात्र त्या संस्थेला विद्यापीठाचा दर्जा १९२० मध्ये मिळाला. ‘विद्यापीठाच्या पदवीपर्यंत नेणारे’ अशी पुस्ती जोडली तर सिडनहॅमचा दावा टिकतो. नुसत्या ‘वाणिज्य शिक्षण’ या अर्थाने टिकत नाही. कौटिल्याने शेती, पशुपालन व व्यापार यांना मिळून ‘वार्ता’ म्हटले आहे. त्याचा आजच्या अभ्यासक्रमाशी धागा जोडण्याचा प्रयत्न काही लेखक करतात. तो शब्दापुरताच समजावा.

श्रेयांकांची चौकट. आयोगाने डिसेंबर २०२२ मध्ये पदवी अभ्यासक्रमाची जी चौकट प्रसिद्ध केली तीत तीन वर्षांच्या पदवीला किमान १२० व चार वर्षांच्या ऑनर्सला १६० श्रेयांक ठेवले आहेत. गुजरातने २०२३ च्या प्रवेशापासून प्रत्येक सत्राला २२ श्रेयांक धरले. त्यामुळे बडोद्यात तीन वर्षांना १३२ व चार वर्षांना १७६ होतात. बाहेरगावाहून बदली घेऊन येणाऱ्या विद्यार्थ्याची पहिली गफलत येथेच होते: दोन सत्रांचे ४० श्रेयांक घेऊन आलेला विद्यार्थी येथे ४ श्रेयांकांनी मागे असतो.

तासिकेच्या विषयात एक श्रेयांक म्हणजे सत्रात १५ तास. प्रात्यक्षिक, क्षेत्रकार्य व इंटर्नशिप यांत ३० तास. चार श्रेयांकांचा पेपर ६० तासांचा. पंधरा आठवड्यांचे सत्र व सर्व विषय तासिकेचे धरले तर आठवड्याला २२ तास वर्गात बसावे लागते. पहिल्या वर्षाच्या (एफ.वाय.) प्रत्येक सत्रात हे २२ श्रेयांक साधारणपणे असे वाटले जातात: मुख्य विषय ८, उपविषय ४, बहुविद्याशाखीय ४, आणि भाषा व संवाद, कौशल्य, मूल्याधारित अथवा भारतीय ज्ञानपरंपरा यांना प्रत्येकी २. पुढच्या सत्रांत मुख्य विषयाचा वाटा वाढत जातो. पदवीवर मुख्य विषयाचे नाव येण्यासाठी एकूण श्रेयांकांचे निम्मे त्यातलेच असावे लागतात.

मुख्य विषयापासून मूल्याधारितपर्यंतची ही सहा खाती स्वतंत्र आहेत, आणि एका खात्यातली शिल्लक दुसऱ्यात वळती होत नाही. कौशल्याचे दोन पेपर जास्त केले म्हणून मूल्याधारित विषयाची तूट भरून निघत नाही. बेरीज १३२ च्या पुढे गेली तरी पदवी अडते. असे प्रकरण शेवटच्या सत्रात उघडकीस येते, कारण तोवर प्रत्येक गुणपत्रकावर नुसता ‘उत्तीर्ण’ शेरा असतो. दर सत्रानंतर खातेनिहाय बेरीज एका कागदावर मांडून ठेवणे हाच यावर उपाय. बहुविद्याशाखीय खात्यात आणखी एक अडचण असते: बारावीत शिकलेला विषय तेथे पुन्हा घेता येत नाही. संख्याशास्त्र बारावीला झाले आहे म्हणून ‘सोपे जाईल’ अशा हिशेबाने ते येथे निवडले तर निवड नाकारली जाऊ शकते.

भाषेच्या खात्यात आधुनिक भारतीय भाषा घेता येते. विद्यापीठात मराठी विभाग आहे, पण तो कला विद्याशाखेत. त्यामुळे मराठीचा पेपर वाणिज्याच्या त्या सत्राच्या यादीत आहे का आणि त्याची वेळ मुख्य विषयाच्या तासावर तर येत नाही ना, हे निवडीपूर्वी पाहावे लागते.

श्रेणीगुणांचा हिशेब. आयोगाच्या दहा-अंकी मापनात ओ म्हणजे १०, ए-प्लस ९, ए ८, बी-प्लस ७, बी ६, सी ५, पी ४ आणि एफ म्हणजे ०. सत्राची सरासरी काढताना प्रत्येक पेपरचे श्रेयांक त्याच्या श्रेणीअंकाने गुणून बेरीज करावयाची व एकूण श्रेयांकांनी भागावयाचे. समजा, मुख्य विषयाच्या ४-४ श्रेयांकांच्या दोन पेपरांत ८ व ६, उपविषयात ७, बहुविद्याशाखीयात ५, आणि दोन-दोन श्रेयांकांच्या तीन पेपरांत ९, ८ व १० मिळाले. गुणाकार ३२, २४, २८, २०, १८, १६, २०; बेरीज १५८; भागिले २२, उत्तर ७.१८. श्रेणीअंकांची साधी सरासरी ७.५७ येते आणि विद्यार्थी घरी तीच सांगतात. तफावतीचे कारण उघड आहे: योग, संवादकौशल्य अशा लहान पेपरांत गुण सढळ मिळतात, पण त्यांचे वजन निम्मे असते.

नापास पेपरबाबतची चूक अधिक महागात पडते. वरच्या उदाहरणात ६ मिळालेल्या मुख्य पेपरात एफ आला तर अंश १३४ होतो, पण छेद २२ च राहतो, उत्तर ६.०९. ‘एटीकेटी आहे, तो पेपर धरायचा नाही’ असे समजून १८ ने भागले की ७.४४ असा फसवा आकडा हाती येतो.

परिभाषेचा प्रश्न. अभ्यासक्रमाच्या अटींत याचा उल्लेख नसतो, तरी बडोद्याच्या मराठी विद्यार्थ्याला पहिल्या सत्रात सर्वांत अधिक अडवणारी गोष्ट हीच. अध्यापनाचे माध्यम इंग्रजी. वर्गातले व शिकवणीतले स्पष्टीकरण पुष्कळदा गुजरातीत. आणि घरी वडीलधाऱ्यांनी शिकवलेले शब्द मराठी. मराठी व गुजरातीत कोठे शब्द सारखे व अर्थ वेगळे, तर कोठे एकाच गोष्टीला शब्दच वेगळे. मराठी जमाखर्चात डेबिट म्हणजे ‘नावे’ व क्रेडिट म्हणजे ‘जमा’. गुजरातीत क्रेडिटला ‘जमा’च म्हणतात, पण डेबिटला ‘उधार’. मराठी कानाला ‘उधार’ म्हणजे उधारीचा व्यवहार, तोही क्रेडिटवर केलेला! ‘उधार बाजूला लिहा’ असे ऐकून विद्यार्थी नेमकी उलट बाजू धरतो. शिवाय गुजरातीतले कच्चे सरवैये म्हणजे आपली तेरीज (ट्रायल बॅलन्स), पक्के सरवैये म्हणजे ताळेबंद, आमनोंध म्हणजे रोजकीर्द (जर्नल), खातावही म्हणजे खतावणी (लेजर). ऋणकोला गुजरातीत देवादार व धनकोला लेणदार म्हणतात. ‘घसारा’ (वापराने मालमत्तेच्या किमतीत होणारी घट) तेवढा दोन्हीकडे एकच. सर्वांत चमत्कारिक शब्द ‘पाघडी’: गुजराती पाठ्यपुस्तकात तो ख्यातीसाठी (गुडविल, म्हणजे धंद्याच्या नावलौकिकाची किंमत) वापरतात, आणि मुंबईकडच्या नातेवाइकांमुळे ‘पागडी’ म्हणजे जुन्या भाड्याच्या घरापोटी दिलेली रक्कम एवढेच ज्याला ठाऊक आहे त्याला भागीदारीच्या गणितात ती कोठून आली हे कळत नाही. त्यात ‘क्रेडिट’ हा शब्द आता श्रेयांकासाठीही आला आहे.

बडोदे संस्थानाने राज्यकारभाराच्या परिभाषेचा प्रश्न गंभीरपणे घेतला होता. श्री सयाजी शासन शब्दकल्पतरू (१९३१) या कोशात इंग्रजी शब्दांना गुजराती व मराठीसह अनेक भाषांतील प्रतिशब्द शेजारी शेजारी दिले आहेत. हिशेबाच्या वर्गासाठी तसा तक्ता विद्यार्थ्याने स्वतःच वहीच्या मागच्या पानावर करून घेणे इष्ट.

विषय. वित्तीय लेखांकन, परिव्यय लेखांकन, व्यवसाय अर्थशास्त्र, संख्याशास्त्र, व्यापारी कायदे, कंपनी कायदा, लेखापरीक्षण, कर, बँकिंग व व्यवस्थापन हे परंपरागत विषय आजही पाया आहेत. लेखांकनात तेरीज जुळली म्हणजे हिशेब बरोबर, ही समजूत अजून जात नाही. यंत्र ५०,००० रुपयांना घेतले, ते आणून बसवण्याचा २,००० रुपये खर्च वाहतूक खात्याला नावे टाकला, तर तेरीज तंतोतंत जुळते. चूक तत्त्वाची आहे: ते २,००० यंत्राच्या किमतीत जायला हवे होते. १० टक्के घसारा व पूर्ण वर्ष धरले तर खर्च २,००० ने जास्त, घसारा २०० ने कमी आणि नफा १,८०० ने कमी दाखवला जातो. परीक्षेत दुरुस्तीची नोंद बहुतेक जण २,००० ची करतात व २०० विसरतात.

कायद्यांपैकी करार (१८७२), मालविक्री (१९३०) व भागीदारी (१९३२) यांची जुनी पुस्तके बऱ्याच अंशी चालतात. कंपनी कायद्याला २०१३ नंतरचेच हवे, आणि अप्रत्यक्ष करांची जुलै २०१७ पूर्वीची पुस्तके रद्दीत काढावीत. प्राप्तिकराचा प्रश्न सध्या नाजूक आहे. २०२५ चा नवा अधिनियम १ एप्रिल २०२६ पासून लागू असून त्यात ‘मागील वर्ष’ व ‘आकारणी वर्ष’ यांच्या जागी ‘करवर्ष’ ही एकच संकल्पना आहे. २०२५-२६ पर्यंतच्या उत्पन्नाला मात्र १९६१ चाच अधिनियम. प्रश्नपत्रिका कोणत्या अधिनियमावर आहे हे विषयाच्या आराखड्यात पाहून मगच पुस्तक घ्यावे. मोठ्या भावंडाचे पुस्तक येथे घातक ठरते.

इंटर्नशिप. दोन ते चार श्रेयांक, म्हणजे ६० ते १२० तास. बडोद्यात सनदी लेखापालांची कार्यालये व मकरपुरा औद्योगिक वसाहतीतील कारखान्यांचे हिशेब विभाग ही नेहमीची ठिकाणे. प्रमाणपत्रावर तारखा असतात, तास नसतात, म्हणून ते परत येते: ‘१५ दिवस’ पुरेसे नाही, रोजचे ८ तास व एकूण १२० असा स्पष्ट उल्लेख आणि रोजनिशीवर देखरेख करणाऱ्याची सही हवी.

मध्येच बाहेर पडणे व चौथे वर्ष. पहिल्या वर्षाअखेर ४४ श्रेयांक व उन्हाळ्यातील ४ श्रेयांकांचा व्यावसायिक अभ्यास किंवा इंटर्नशिप पुरी केल्यास प्रमाणपत्र, दुसऱ्या वर्षाअखेर ८८ व त्यावर ४ केल्यास पदविका मिळते. तीन वर्षांच्या आत परत येता येते. एकूण मुदत सात वर्षे. चौथ्या वर्षी संशोधनासह ऑनर्स घेण्यासाठी पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के लागतात व १२ श्रेयांकांचा प्रबंध करावा लागतो. चार वर्षे केलेल्याला पदव्युत्तर अभ्यास एका वर्षात करण्याची सोय आहे. सनदी लेखापाल व्हायचे असेल तर तीन वर्षांची वाणिज्य पदवी ५५ टक्क्यांनी पुरेशी असते. तिच्या आधारे थेट इंटरमीजिएटला (त्या अभ्यासक्रमाच्या दुसऱ्या टप्प्याला) प्रवेश मिळतो (इतर शाखांना ६० टक्के).

बी.बी.ए. २०२४-२५ पासून अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेच्या मान्यतेखाली आली आहे, बी.कॉम. आलेली नाही. खासगी महाविद्यालयात प्रवेश घेताना त्या वर्षीची परिषदेची मान्यता पाहावी. लेखांकन येथे कमी, विपणन, मनुष्यबळ व वर्तनशास्त्र अधिक.

श्रेयांकांची नोंद. प्रत्येक सत्राचे श्रेयांक शैक्षणिक श्रेयांक पेढीत (अकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्स) विद्यार्थ्याच्या खात्यावर चढतात व कमाल सात वर्षे ग्राह्य राहतात. खाते आधारवरील नावाने उघडते. गुजरात बोर्डाच्या गुणपत्रकावर आडनाव आधी, मग स्वतःचे नाव व वडिलांचे नाव असते. मराठी घरांतल्या आधारवर बहुधा स्वतःचे नाव आधी आणि आडनाव शेवटी. हे दोन क्रम जुळले नाहीत, किंवा ‘राव’, ‘भाई’ एका ठिकाणी आहे व दुसरीकडे नाही, की श्रेयांक खात्यावर चढत नाहीत. नावाची दुरुस्ती पहिल्या सत्राच्या परीक्षा अर्जापूर्वी करावी. नंतर ती गुणपत्रकागणिक करावी लागते.