सन कोरल आणि कार्नेशन कोरल: उजेड दोघांनाही नको, पण खाणं अगदी वेगळं

समुद्री मत्स्यालयाच्या दुकानात हे दोन्ही प्रवाळ (कोरल) कमी उजेडाच्या टँकमध्ये शेजारी शेजारी असतात आणि दोन्हींवर ‘नॉन-फोटोसिंथेटिक’ एवढीच चिठ्ठी असते. प्रकाशावर अन्न बनवणारं शैवाल दोघांच्याही शरीरात नसतं, हे खरं. म्हणून महागडा लाइट लागत नाही, पण पोटाची सगळी जबाबदारी तुमच्यावर येते, आणि दोघांची पोटं सारखी नाहीत.

सन कोरल (ट्युबास्ट्रिया) कठीण असतं. चुन्याच्या सांगाड्यावर साधारण सेंटिमीटरभर रुंदीचे नारिंगी-पिवळे पॉलिप, म्हणजे तोंड आणि शुंडके असलेले छोटे जीव. सगळे कठीण प्रवाळ भारतात वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या अनुसूची १ मध्ये आहेत, त्यामुळे इथल्या समुद्रातून तोडलेलं सन कोरल घेणं हा गुन्हा आहे. कार्नेशन (डेंड्रोनेफ्थिया) मऊ. खोड पाण्याने फुगलेलं, अर्धपारदर्शक, आतल्या रंगीत सुया बाहेरून दिसतात. पॉलिप बारीक, प्रत्येकाला आठ झालरदार शुंडके.

सन कोरलला मोठा घास चालतो: मायसिस आणि ब्राइन श्रिम्प (कोळंबीसारखे बारीक जीव), बारीक चिरलेली कोळंबी. आठवड्यातून दोन-तीनदा, लाइट बंद झाल्यावर. आधी पाणी फिरवणारा पंप थांबवा. गोठवलेलं मायसिस टँकच्या पाण्यात वितळवून ते पाणी थोडं कोरलवर सोडा. वासाने पंधरा-वीस मिनिटांत पॉलिप उघडतात. मग तळ कापलेली प्लास्टिकची बाटली त्यावर झाकणासारखी ठेवा, तोंडातून पिपेट घाला आणि प्रत्येक पॉलिपला दोन-तीन मायसिस द्या. बाटली नसेल तर टँकमधली क्लीनर श्रिम्प ही कोळंबी पॉलिपच्या तोंडातून घास ओढून नेते. वीस मिनिटांनी उरलेलं शोषून काढा आणि पंप सुरू करा. नवीन कोरल पहिले काही दिवस उघडतच नाही. तरी रोज त्याच वेळी वास देत राहा. सांगाडा वाढवायचा असल्याने कॅल्शियम ४२० पीपीएम आणि अल्कलिनिटी (पाण्यातल्या कार्बोनेटचं प्रमाण) ८-९ डीकेएच या एककाच्या आसपास ठेवा. दोन पॉलिपमधली कातडी मागे सरकून पांढरा सांगाडा दिसू लागला, तर बहुतेक वेळा कारण एकच असतं: उपासमार.

कार्नेशनला मायसिस टाकून काही उपयोग नाही, तो घास त्याच्या तोंडात मावतच नाही. लाल समुद्रातल्या कार्नेशनवर १९९५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात त्याचं मुख्य अन्न फायटोप्लँक्टन (पाण्यात तरंगणारं सूक्ष्म शैवाल) असल्याचं दिसलं. तेही दिवसातून एकदा ओतून चालत नाही. डोसिंग पंपाने (ठरलेल्या मापाने थेंब सोडणाऱ्या पंपाने) चोवीस तास थेंब थेंब हवं, आणि ते अंगावरून नेणारा जोरदार, एका दिशेचा प्रवाह हवा. खरी कोंडी इथेच आहे. एवढं खाद्य टाकलं की नायट्रेट-फॉस्फेट चढतं. ते उतरवायला स्किमर (फेसाबरोबर घाण काढणारं यंत्र) वाढवला की तो खाद्यही ओढून नेतो. फिल्टर सॉक, म्हणजे पाणी गाळणारी कापडी पिशवीही, तेच करतो. मग खोड दर आठवड्याला थोडं कमी फुगतं, फांद्या लोंबतात आणि काही महिन्यांत कोरल विरघळून जातं. पाणी भरपूर बदलण्याची आणि जिवंत फायटोप्लँक्टन घरी वाढवण्याची तयारी नसेल, तर कार्नेशन घेऊच नका.