‘स्ट्रेंजर ऑन द थर्ड फ्लोर’: फिल्म न्वारची पहिली चाहूल

फ्रेंच समीक्षकांनी १९४६ मध्ये अमेरिकी गुन्हेपटांच्या एका काळोख्या, निराशेच्या छायेतील प्रवाहाला ‘फिल्म न्वार’ (शब्दशः ‘काळा चित्रपट’) हे नाव दिले, तेव्हा त्यांच्यासमोर ‘द मॉल्टीज फाल्कन’, ‘डबल इन्डेम्निटी’ असे नावाजलेले चित्रपट होते. आरकेओ स्टुडिओने १९४० मध्ये काढलेला, जेमतेम ६४ मिनिटांचा आणि कमी खर्चाचा ‘स्ट्रेंजर ऑन द थर्ड फ्लोर’ मात्र पुढे अनेक अभ्यासकांनी या प्रवाहातील पहिला चित्रपट मानला. बोरिस इंगस्टर यांचे हे पहिलेच दिग्दर्शन होते.

वार्ताहर माइक वॉर्डच्या साक्षीवरून एका तरुण टॅक्सीचालकाला खुनासाठी देहदंड होतो. पुढे माइकला आपल्याच साक्षीबद्दल शंका वाटू लागते आणि त्याला स्वप्न पडते, ज्यात तो स्वतःच आरोपी असतो. छायाचित्रकार निकोलस मुसुराका यांनी तिरप्या, लांबलचक सावल्यांनी उभे केलेले हे स्वप्न म्हणजे चित्रपटाचा गाभाच होय. १९२० च्या दशकातील जर्मन अभिव्यक्तिवादी चित्रपटांचा, म्हणजे मनातली भीती विकृत आकार आणि गडद सावल्यांतून दाखवणाऱ्या शैलीचा, वारसा त्यात स्पष्ट दिसतो.

त्या जर्मन चित्रसृष्टीशी थेट नाते होते ते अभिनेते पीटर लॉरी यांचे. दिग्दर्शक फ्रिट्झ लँग यांच्या ‘एम’ (१९३१) मधील बालहत्याऱ्याच्या भूमिकेने ते प्रसिद्धीस आले आणि नाझी सत्तेवर आल्यावर, १९३३ मध्ये, ज्यू असल्यामुळे त्यांना जर्मनी सोडावी लागली. येथे श्रेयनामावलीत त्यांचे नाव अग्रभागी असले, तरी भूमिका अगदी लहान आहे. पांढरा स्कार्फ गुंडाळलेला हा अनोळखी इसम हॉटेलात कच्चे हॅम्बर्गर मागतो आणि बाहेर येऊन ते भटक्या कुत्र्याला खाऊ घालतो. त्याला वेड्यांच्या इस्पितळात पुन्हा कोंडले जाण्याची धास्ती आहे, हे कळल्यावर त्याच्याविषयीच्या भीतीत करुणाही मिसळते, आणि हे श्रेय सर्वस्वी लॉरी यांचे आहे.

नायक जॉन मॅक्ग्वायर यांच्या अभिनयात तेवढी धार नाही. मार्गारेट टॅलिशेट यांनी साकारलेली माइकची वाग्दत्त वधू जेन मात्र अधिक लक्षात राहते, कारण उत्तरार्धात खऱ्या खुन्याचा माग तीच काढते. टॅक्सीचालकाच्या भूमिकेत एलिशा कुक ज्युनियर आहेत; निकालानंतर आपण निर्दोष असल्याचा त्यांनी फोडलेला टाहो अस्वस्थ करतो. पुढच्याच वर्षी, १९४१ मध्ये, लॉरी आणि कुक ‘द मॉल्टीज फाल्कन’मध्ये एकत्र आले, तर मुसुराका यांनी आरकेओमध्येच ‘कॅट पीपल’ (१९४२) आणि ‘आउट ऑफ द पास्ट’ (१९४७) यांचे छायाचित्रण केले.