बालशिक्षण व बालसंरक्षणातील शासकीय उत्तरदायित्व

मुलांचे शिक्षण आणि निराधार मुलांचा सांभाळ ही कायद्याने स्वीकारलेली जबाबदारी सरकार पार पाडते की नाही हे तपासणारी, कसूर झाल्यास जाब विचारणारी आणि दुरुस्ती करवून घेणारी व्यवस्था. न्यायालये, बालहक्क आयोग, लेखापरीक्षण, विधिमंडळातील प्रश्न, सामाजिक अंकेक्षण (लाभार्थ्यांशी बोलून केलेली कामाची तपासणी), पालकांच्या समित्या आणि वृत्तपत्रे ही तिची मुख्य साधने होत. अनाथ, अपंग, कामाला जुंपलेली, भेदभाव सोसणाऱ्या समाजांतील, स्थलांतरित मजुरांची आणि बालगृहांत राहणारी मुले तिच्या केंद्रस्थानी असतात.

प्रौढ नागरिक निवडणुकीत सरकारला जाब विचारू शकतो. मुलाला मत नसते. बहुतेक मुलांच्या वतीने त्यांचे आईवडील बोलतात. परंतु ज्याला आईवडील नाहीत, ज्याचे आईवडील कामाच्या शोधात सतत फिरतीवर असतात किंवा ज्याला घरातूनच धोका आहे, त्याच्या वतीने बोलणारे कोणी उरत नाही. अशा मुलाची जबाबदारी ज्या सरकारवर येते, त्याच सरकारच्या कसुरीची तक्रार त्याला करावी लागते. शिवाय बालपण थांबून राहत नाही. रस्ता दोन वर्षे उशिरा झाला तरी पुढे वापरता येतो. वाचायला शिकण्याच्या वयात शाळेबाहेर राहिलेल्या मुलाची ती दोन वर्षे परत मिळत नाहीत. म्हणून या क्षेत्रात उत्तर मिळण्याइतकेच ते वेळेत मिळणेही महत्त्वाचे असते.

शिक्षणावरील सरकारी खर्चाचा हिशोब जाहीरपणे मागण्याचे एक ठळक जुने उदाहरण पुण्यातले आहे. १८८२ मध्ये ब्रिटिश सरकारने नेमलेल्या हंटर शिक्षण आयोगापुढे दिलेल्या निवेदनात महात्मा जोतीराव फुले यांनी सरकारी महसुलाचा मोठा भाग रयतेच्या कष्टातून येतो, पण शिक्षणावरचा खर्च वरच्या वर्गांच्या पदरी पडतो, हे स्पष्ट मांडले आणि निदान बाराव्या वर्षापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करण्याची मागणी केली. पैसा कोणाचा, खर्च कोणावर आणि वगळले कोण, हे त्यांचे प्रश्न आजच्या अर्थसंकल्पीय चिकित्सेतही जसेच्या तसे लागू पडतात. पुढे गोपाळ कृष्ण गोखले यांनी १९११ मध्ये केंद्रीय विधिमंडळात मांडलेले प्राथमिक शिक्षणाचे विधेयक १९१२ मध्ये फेटाळले गेले. भारतात ६ ते १४ वयोगटातील मुलांचे शिक्षण मूलभूत हक्क म्हणून संविधानात येण्यास २००२ ची ८६ वी घटनादुरुस्ती व्हावी लागली.

आंतरराष्ट्रीय पातळीवर मुख्य आधार संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क संहितेचा आहे. शिक्षणाचा हक्क (कलम २८), अपंग मुलांचे हक्क (कलम २३) आणि कुटुंबाला पारखे झालेल्या मुलांचे संरक्षण (कलम २०) तिने मान्य केले. उपलब्ध साधनसंपत्तीच्या कमाल मर्यादेपर्यंत प्रयत्न करण्याचे बंधन कलम ४ ने घातले. कलम २५ ची चर्चा फारशी होत नाही, पण ते अत्यंत मोलाचे आहे : संगोपनासाठी, संरक्षणासाठी किंवा उपचारासाठी शासनाने ज्या मुलाला एखाद्या ठिकाणी ठेवले आहे, त्याच्या स्थितीचा वेळोवेळी आढावा घेतला गेला पाहिजे, असा हक्क ते देते. सदस्य देशांनी दर पाच वर्षांनी संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क समितीला अहवाल द्यायचा असतो. स्वयंसेवी संस्था समांतर अहवाल पाठवतात आणि सरकारच्या अहवालात जे गाळलेले असते ते बऱ्याचदा तिथेच सापडते. समितीच्या शिफारशी पाळायला भाग पाडणारी यंत्रणा मात्र नाही. भारताने ही संहिता १९९२ मध्ये स्वीकारली.

तपासणीची पहिली जागा पैसा. २०१५ च्या जागतिक शिक्षण कृती आराखड्यात राष्ट्रीय उत्पन्नाच्या ४ ते ६ टक्के किंवा एकूण सरकारी खर्चाच्या १५ ते २० टक्के शिक्षणावर खर्च व्हावेत, असे मापदंड दिले आहेत. पण तरतूद आणि शाळेच्या हाती पडलेली रक्कम यांत किती अंतर पडू शकते, हे युगांडाने दाखवून दिले. तिथल्या सुमारे २५० प्राथमिक शाळांच्या पाहणीत १९९१ ते १९९५ या काळात दर विद्यार्थ्यामागे ठरलेल्या अनुदानाचा सरासरी अवघा १३ टक्के भाग शाळांपर्यंत पोहोचल्याचे आढळले. बहुसंख्य शाळांना काहीच मिळाले नव्हते. त्यानंतर कोणत्या जिल्ह्याला किती रक्कम पाठवली हे सरकार वृत्तपत्रांत छापू लागले, शाळांच्या फलकांवरही ते लागू लागले, आणि काही वर्षांत पोहोचणारा वाटा ८० टक्क्यांच्या घरात गेला. या सुधारणेचे सगळे श्रेय वृत्तपत्रांना देणे योग्य नाही, कारण निधीवाटपाची पद्धतही त्याच काळात बदलली होती, असा आक्षेप पुढे घेतला गेला आणि तो रास्त आहे. तरीही मुख्याध्यापकाला आपल्या शाळेचा आकडा आधी कळल्याशिवाय तो तक्रार करू शकत नाही, एवढे या अनुभवातून निर्विवाद ठरते.

न्यायालयांचा मार्ग सर्वांत जास्त गाजतो. भारतात पीपल्स युनियन फॉर सिव्हिल लिबर्टीज या संघटनेने २००१ मध्ये अन्नाच्या हक्कासाठी याचिका केली. २८ नोव्हेंबर २००१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सरकारी व अनुदानित प्राथमिक शाळांत किमान ३०० उष्मांकांचे शिजवलेले जेवण वर्षातून निदान २०० दिवस देण्याचा आदेश दिला. कोरडे धान्य वाटून मोकळे होणाऱ्या राज्यांना त्यामुळे चुली पेटवाव्या लागल्या. या खटल्याचे खरे वैशिष्ट्य आदेशानंतरच्या कामात आहे. न्यायालयाने प्रकरण बंद केले नाही; अंमलबजावणीवर लक्ष ठेवण्यासाठी आयुक्त नेमले आणि वर्षानुवर्षे त्यांचे अहवाल मागवले. दक्षिण आफ्रिकेत कोविडकाळात शाळा बंद असताना सुमारे ९० लाख मुलांचे शालेय जेवण थांबले, तेव्हा जुलै २०२० मध्ये तेथील उच्च न्यायालयानेही अशीच देखरेख स्वतःकडे ठेवली आणि मंत्र्यांकडून ठरावीक मुदतीने प्रगतीचे अहवाल मागितले.

देखरेख नसली की काय होते, हे चेक प्रजासत्ताकाच्या खटल्यातून कळते. ओस्ट्राव्हा शहरातील रोमा या वंचित अल्पसंख्य समाजाच्या मुलांना मतिमंद मुलांसाठीच्या 'विशेष' शाळांत घातले जात होते. अर्जदारांनी मांडलेल्या आकडेवारीनुसार तिथे पाठवले जाण्याची शक्यता रोमा मुलाच्या बाबतीत इतरांपेक्षा २७ पट होती. नोव्हेंबर २००७ मध्ये युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने हा भेदभाव ठरवला. अर्जदार होती फक्त अठरा मुले, निकाल मात्र युरोपभर महत्त्वाचा मानला गेला. तरीही त्यानंतर अनेक वर्षे रोमा मुलांचे वेगळे शिक्षण चालूच राहिले आणि या न्यायालयाच्या निकालांच्या अंमलबजावणीवर लक्ष ठेवणारी युरोप परिषदेची मंत्री समिती त्याबद्दल विचारणा करत राहिली.

खटला भरणे प्रत्येकाला परवडत नाही, म्हणून कायम स्वरूपाच्या स्वतंत्र संस्था लागतात. नॉर्वेने १९८१ मध्ये मुलांसाठी स्वतंत्र लोकपाल नेमला. असे करणारा तो पहिला देश. भारतात २००५ च्या कायद्यानुसार राष्ट्रीय व राज्य बालहक्क संरक्षण आयोग आले. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या अंमलबजावणीवर लक्ष ठेवण्याचे कामही त्यांच्याकडेच आहे. या कायद्यानुसार तक्रार आधी स्थानिक प्राधिकरणाकडे करायची, तिचा निकाल तीन महिन्यांत लागला पाहिजे, आणि समाधान न झाल्यास राज्य आयोगाकडे अपील करता येते. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असावेत आणि निम्म्या महिला असाव्यात, अशीही तरतूद आहे. कागदावर ही रचना चांगली आहे. पण जी जिल्हा परिषद किंवा महापालिका शाळा चालवते, बहुतेक वेळा तिच्याकडेच तिच्याविरुद्धची पहिली तक्रार न्यावी लागते. आयोगाला चौकशीसाठी दिवाणी न्यायालयासारखे अधिकार आहेत, शेवटी मात्र तो शिफारसच करू शकतो किंवा न्यायालयात जाऊ शकतो. त्याचे अध्यक्ष व सदस्य सरकारच नेमते, आणि या जागा रिकाम्या ठेवल्या की आयोग आपोआप निष्प्रभ होतो.

नियम बदलूनही हक्क आक्रसता येतो. शिक्षणहक्क कायद्यानुसार विनाअनुदानित खासगी शाळांच्या प्रवेशाच्या वर्गातील २५ टक्के जागा वंचित व दुर्बल घटकांतील मुलांसाठी राखीव असतात. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र शासनाने सरकारी किंवा अनुदानित शाळेपासून एक किलोमीटरच्या आतील खासगी शाळांना यातून वगळणारी दुरुस्ती केली. जुलै २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ती घटनाबाह्य ठरवून रद्द केली.

बालगृहांचा प्रश्न याहून बिकट आहे, कारण तिथे शाळेसारखी रोजची ये-जा नसते. बिहार सरकारने टाटा सामाजिक विज्ञान संस्थेच्या 'कोशिश' गटाकडून राज्यातील निवारागृहांचे सामाजिक अंकेक्षण करवून घेतले. २०१८ मध्ये त्यातून मुझफ्फरपूर येथील बालिकागृहातील लैंगिक अत्याचार उघडकीस आले. तपास केंद्रीय अन्वेषण विभागाकडे गेला आणि जानेवारी २०२० मध्ये दिल्लीतील न्यायालयाने १९ जणांना दोषी ठरवले. त्या गृहावर सरकारी देखरेख नव्हती असे नाही. बालकल्याण समिती होती, जिल्हा बालसंरक्षण यंत्रणा होती, आणि दोषी ठरलेल्यांत या दोन्ही यंत्रणांतील माणसेही होती. फरक पडला तो अंकेक्षकांनी दप्तर तपासून न थांबता मुलींशी बोलल्यामुळे, आणि ते विभागाचे कर्मचारी नसल्यामुळे.

माहितीच्या खरेपणाचा प्रश्नही यातच येतो. शाळांची बहुतांश सरकारी आकडेवारी शाळा स्वतःच भरतात. महाराष्ट्रात ऑक्टोबर २०११ मध्ये सलग तीन दिवस झालेल्या विशेष पटपडताळणीत पटावर असलेली पण वर्गात नसलेली मुले मोठ्या संख्येने आढळली. याची दुसरी बाजू अधिक गंभीर आहे : जे मूल कोणत्याच पटावर नाही, ते गळतीच्या आकड्यातही दिसत नाही. 'प्रथम' संस्थेची 'असर' पाहणी २००५ पासून शाळेत न जाता घरोघरी जाऊन मुलांचे वाचन व गणित तपासते, त्यामागचे एक कारण हेच.

उत्तरदायित्वाचे ओझे उतरंडीच्या तळाशी ढकलले जाण्याचा धोका सर्वत्र आढळतो. युनेस्कोचा २०१७-१८ चा जागतिक शिक्षण अहवाल याच विषयावर होता. केवळ शिक्षकाला दोषी धरून आणि परीक्षेतील गुणांवर बक्षीस-शिक्षा ठरवून व्यवस्था सुधारत नाही, उलट कच्च्या मुलांना वाऱ्यावर सोडले जाते, असा इशारा त्याने दिला. रिक्त पदे न भरणारे, शिक्षकांना शाळाबाह्य कामांना जुंपणारे आणि अनुदान अडवणारे निर्णय वर्गाच्या खूप वर होतात. जाबही तिथपर्यंत गेला पाहिजे. तो तिथे गेला नाही, तर गैरहजर शिक्षकाला नोटीस मिळते आणि दहा वर्षे न भरलेल्या पदाबद्दल कोणालाच काही विचारले जात नाही.

स्वतः मुलाने तक्रार करण्याची सोय सर्वांत अलीकडची आहे. आपल्याशी संबंधित बाबींत मत मांडण्याचा हक्क बालहक्क संहितेच्या कलम १२ ने दिला होता. २०११ मध्ये स्वीकारलेल्या आणि एप्रिल २०१४ पासून लागू झालेल्या या संहितेच्या तिसऱ्या पूरक करारामुळे मुलाला, किंवा त्याच्या वतीने दुसऱ्याला, थेट बालहक्क समितीकडे जाता येते. त्यासाठी देशातील उपाय आधी संपलेले असावे लागतात, आणि संबंधित देशाने हा करार स्वीकारलेला असावा लागतो. भारत त्यात सामील झालेला नाही.