जिभेखालचा कॅमेरा: सूक्ष्म रक्ताभिसरण पाहण्याच्या धडपडीची पार्श्वभूमी

सेप्टिक शॉकच्या (जंतुसंसर्गामुळे रक्तदाब धोकादायक पातळीवर कोसळलेल्या) रुग्णाचा रक्तदाब सलाइन आणि नॉरअ‍ॅड्रेनालिनने सावरतो, मॉनिटरवरचे आकडे बरे दिसू लागतात, आणि तरीही मूत्रपिंडे साथ सोडतात, लॅक्टेट (पेशींना ऑक्सिजन कमी पडल्याची खूण मानला जाणारा रक्तातला घटक) चढतच राहते. अतिदक्षता विभागातल्या या जुन्या कोड्याचे एक उत्तर असे, की मॉनिटर मोठ्या धमन्यांची खबर देतो. पेशींना ऑक्सिजन मिळतो तो मात्र मुख्यतः सर्वांत बारीक रक्तवाहिन्यांतून, म्हणजे केशवाहिन्यांतून, आणि तिथे काय चालले आहे याचा त्याला पत्ताच नसतो.

या वाहिन्या डोळ्यांना दिसायलाच बराच काळ जावा लागला. रक्त शरीरभर फिरते हे विल्यम हार्वे यांनी १६२८ मध्ये मांडले, पण धमन्यांतून शिरांत ते जाते कुठून, हे त्यांना पाहता आले नाही. त्यांच्या निधनानंतर चार वर्षांनी, १६६१ मध्ये, मार्चेल्लो माल्पिघी यांना सूक्ष्मदर्शकाखाली बेडकाच्या फुप्फुसात ते जाळे दिसले. पुढे ऑगस्ट क्रोग यांनी दाखवले की स्नायू कामाला लागला की विश्रांतीत मिटलेल्या केशवाहिन्या उघडतात. १९२० चे नोबेल त्यांना या कामासाठी मिळाले. शेवटच्या टप्प्यावरचे वाटप गरजेप्रमाणे बदलते, ही कल्पना तिथून रुजली.

आजारी माणसात हे पाहायचे तर अडचण होती उजेडाची. सूक्ष्मदर्शकाला पदार्थाच्या मागून प्रकाश लागतो; माणसाच्या अवयवामागे दिवा कुठे ठेवणार? त्यामुळे कितीतरी वर्षे पाहणी मुख्यतः नखाच्या मुळाशी असलेल्या त्वचेपुरती राहिली. शॉकमध्ये त्वचेचा रक्तपुरवठा आधी आखडतो, तेव्हा आतल्या अवयवांचा अंदाज घ्यायला ही जागा तशी बेभरवशाचीच.

१९९९ मध्ये वॉरन ग्रोनर, जान इंजे आणि सहकाऱ्यांनी यावर तोड प्रसिद्ध केली. ध्रुवीकृत (एकाच दिशेने कंपणारा) हिरवा प्रकाश ऊतीवर टाकायचा आणि पृष्ठभागावरून जसाच्या तसा परतणारा प्रकाश गाळून टाकायचा. आत शिरून विखुरलेला तेवढाच उरतो आणि मागून दिवा लावल्याचे काम करतो. हिमोग्लोबिन तो हिरवा प्रकाश शोषते, म्हणून तांबड्या पेशी काळ्या ठिपक्यांसारख्या सरकताना दिसतात. जिभेखाली त्वचेचे जाड आवरण नाही आणि तिथे हातातले उपकरण सहज पोहोचते, म्हणून ती जागा ठरली.

माझ्या मते या इतिहासातले सर्वांत बोलके काम २००२ चे आहे. डॅनियल डी बॅकर आणि सहकाऱ्यांनी सेप्सिसच्या (संसर्गामुळे अवयव बिघडलेल्या) रुग्णांत जिभेखाली पाहिले, तर रक्त वाहत असलेल्या बारीक वाहिन्या कमी झालेल्या. एका वाहिनीत प्रवाह, तर शेजारचीत रक्त थबकलेले. मग त्यांनी तिथेच वाहिन्या सैल करणारे अ‍ॅसिटिलकोलिन लावले आणि प्रवाह पूर्ववत झाला! म्हणजे वाहिन्या कायमच्या बुजलेल्या नव्हत्या. २००४ मध्ये याच गटाने दाखवले की सेप्टिक शॉकमध्ये ज्यांचा हा बिघाड उपचारांनंतरही टिकून राहतो, त्यांच्यात अवयव निकामी होण्याचे आणि मृत्यूचे प्रमाण जास्त असते.

वाहिन्या उघडता येतात म्हटल्यावर औषधाची आशा वाढणारच. २००२ मध्येच वाहिन्या रुंदावणाऱ्या नायट्रोग्लिसरिनने प्रवाह सुधारल्याचे मोजक्या रुग्णांत दिसले होते. २०१० च्या यादृच्छिक (कोणाला काय द्यायचे ते चिठ्ठीने ठरवलेल्या) चाचणीत मात्र, आधी पुरेसे सलाइन वगैरे दिल्यावर, नायट्रोग्लिसरिन आणि प्लासिबो (औषध नसलेला दिखाऊ डोस) यांत फरक उरला नाही. नुसता रक्तदाब वाढवूनही भागत नाही: २००९ च्या एका अभ्यासात नॉरअ‍ॅड्रेनालिनने सरासरी दाब ६५ वरून ८५ मिमी पाऱ्यापर्यंत नेला, तरी एकूण गटात जिभेखालचे चित्र सुधारले नाही.

दरम्यान कॅमेरे बदलत गेले. टोकाभोवती हिरव्या एलईडींचे कडे असलेली दुसरी पिढी आली, मग संगणकाने नियंत्रित होणारी हलकी तिसरी. कष्ट राहिले ते मोजण्याचे. चित्र चार भागांत वाटायचे आणि प्रत्येक भागाला गुण द्यायचे: प्रवाह बंद असेल तर ०, थांबत-थांबत १, मंद २, सुरळीत ३. उपकरण जरा जास्त दाबले गेले तर दाबामुळेच रक्त थांबते आणि निरोगी माणूसही आजारी दिसतो. त्यातच लाळ, हलणारी जीभ, तोंडातली नळी. २००७ आणि २०१८ मध्ये तज्ज्ञांनी एकत्र येऊन चित्रण आणि मोजणीचे नियम आखले, ते यासाठीच.

मोजमाप पाहून उपचार बदलल्याने रुग्ण वाचतो का? २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या डॅमिस चाचणीत डॉक्टरांना जिभेखालची मोजणी कळवूनही ३० दिवसांच्या मृत्यूदरात फायदा दिसला नाही. कदाचित कारण हेच, की बिघाड दिसल्यावर नेमके काय द्यायचे हे अजून ठरलेले नाही. याउलट बोट दाबून सोडायचे आणि रंग परतायला किती सेकंद लागतात ते पाहायचे, ही बिनखर्चाची तपासणी पुन्हा भाव खाऊ लागली. २०१९ च्या अँड्रोमेडा-शॉक चाचणीत तिच्या आधारे उपचार केलेल्या गटात २८ दिवसांचा मृत्यूदर ३४.९ टक्के होता, तर लॅक्टेटच्या आधारे केलेल्या गटात ४३.४. हा फरक सांख्यिकीच्या कसोटीवर थोडक्यात कमी पडला. जिभेखालच्या चित्रणासाठी आता मोजणी आपोआप करणारी सॉफ्टवेअर आली आहेत, त्यामुळे आकडा खाटेशेजारीच मिळू शकतो. औषधाची बाजू मात्र २०१० नंतर फारशी पुढे सरकलेली नाही.