ट्रेनिंग वेगळं, नेटवर्क वेगळं आणि व्हॉट्सॲप ग्रुप तर तिसरंच काहीतरी

बायकांच्या धंद्यासाठी जे कार्यक्रम निघतात ना, त्यांच्या पत्रकात एक वाक्य ठरलेलंच असतं, "प्रशिक्षण आणि नेटवर्किंग". दोन शब्द इतके चिकटून येतात की वाचणाऱ्याला वाटतं एकच वस्तू आहे, चहापाणी म्हणतो तसं. पाच दिवस वर्ग, शेवटच्या दिवशी सर्टिफिकेट, फोटो आणि एक व्हॉट्सॲप ग्रुप, झालं नेटवर्क! त्या ग्रुपवर पुढे काय येतं ते तुम्हाला माहितीये, गुड मॉर्निंगची फुलं.

आफ्रिकेत मात्र गेल्या दहा-पंधरा वर्षांत या दोन्ही गोष्टी सुट्या करून तपासल्या गेल्यात, म्हणजे चिठ्ठ्या टाकून गट पाडायचे, एकाला हे द्यायचं, एकाला ते, एकाला काहीच नाही, आणि मग वर्ष-दोन वर्षं गल्ल्यात काय पडतं ते बघत बसायचं.

आधी ट्रेनिंग. टोगो हा घाना आणि बेनिनच्या मध्ये दाबून बसवल्यासारखा चिंचोळा देश, राजधानी लोमे. तिथे 2014 मध्ये 1500 छोटे धंदेवाले घेतले, त्यात निम्म्याहून जास्त बायका, आणि 500-500 चे तीन गट केले. एका गटाला नेहमीचं बिझनेस ट्रेनिंग, म्हणजे हिशोब लिहा, मार्केटिंग करा, घरचा पैसा आणि दुकानाचा पैसा वेगळा ठेवा वगैरे. दुसऱ्या गटाला मानसशास्त्रावर बेतलेलं वेगळंच काहीतरी शिकवलं, कोणी सांगायची वाट न बघता आपणहून काय सुरू करता येईल, शेजारी पाचजणी तेच विकतायत तर माझ्याकडे गिऱ्हाईक का यावं, एक रस्ता बंद झाला तर दुसरा कुठला. तिसऱ्या गटाला काहीच नाही. दोन्ही वर्ग 36 तासांचे आणि नंतर चार महिने ट्रेनर महिन्यातून एकदा दुकानात येऊन बघून जायचा. दोनेक वर्षांचा हिशोब लावला तर दुसऱ्या गटाचा नफा काहीच न मिळालेल्यांपेक्षा 30 टक्के जास्त, आणि नेहमीच्या वर्गवाल्यांचा 11 टक्के, तोसुद्धा इतका डळमळीत की योगायोग म्हणून सोडून द्यावा लागला. फक्त बायकांचं बघितलं तर फरक आणखीनच ढळढळीत, 40 टक्के विरुद्ध 5.

आता लगेच काहीजण म्हणणार, बघा, हिशोबाची वही शिकवणं फुकट. थांबा जरा. केनियात खेड्यांतल्या 157 बाजारांमधे बायकांना पाच दिवसांचा कोर्स दिला होता, धंदा कसा वाढवायचा अशा धर्तीचा, तर तीन वर्षांनी त्यांची विक्री 18 टक्के आणि नफा 15 टक्के जास्त निघाला. आणि मला यातली आवडलेली गोष्ट म्हणजे शेजारच्या, कोर्स न केलेल्या बायकांचं गिऱ्हाईक पळवलं असं नाही झालं, नवीन माल ठेवला, गिऱ्हाइकाशी नीट बोलायला लागल्या, त्यामुळे अख्ख्या बाजारातच लोक जास्त यायला लागले. म्हणजे ट्रेनिंग हा एकच शब्द असला तरी आत सारण काय भरलंय त्यावर सगळं अवलंबून. पण सारण कुठलंही असो, ते एका बाईच्या डोक्यात जातं आणि तिथेच राहतं, ती उद्या दुसऱ्या गावी गेली तर सोबत घेऊन जाते.

नेटवर्कचं तसं नाही. नैरोबीत दांडोरा नावाची वस्ती आहे, शहराचा बराचसा कचरा जिथे पडतो त्या जागेच्या शेजारी. तिथल्या नवख्या धंदेवाल्या बायकांवर असाच प्रयोग झाला, काहींना वर्गात बसवलं आणि काहींची जोडी त्याच वस्तीतल्या, बरीच वर्षं धंदा केलेल्या बाईशी लावून दिली. बस, महिनाभर भेटत जा म्हणाले, काय बोलायचं ते तुमचं तुम्ही ठरवा. वर्गात बसलेल्यांच्या नफ्यात काही हललं नाही, जोडीवाल्यांचा नफा मात्र सरासरी 20 टक्के वर गेला. आणि का गेला हे बघितलं तर व्यवस्थापनाचं कुठलं मोठं तत्त्वज्ञान सापडलं नाही, माल स्वस्तात कुठे मिळतो ते कळलं, एवढंच! समजा एकजण मितुम्बा विकते, म्हणजे परदेशातून गठ्ठ्याने येणारे जुने कपडे, आणि ती वस्तीतल्याच मधल्या माणसाकडून दहा-वीस नग उचलते. तिला जुनी बाई सांगणार, अगं पहाटे गिकोम्बाच्या मोठ्या बाजारात जा, गठ्ठा फोडतात तेव्हा उभी राहा, अमक्याकडेच घे, माझं नाव सांग. हे कुठल्या वर्गात शिकवणार? शिकवणाऱ्यालाच माहीत नसतं, आणि असलं तरी पुढच्या महिन्यात तो सप्लायर भाव बदलून मोकळा होतो.

त्यामुळेच याची दुसरी बाजूही तिथेच दिसली. जोड्या हळूहळू भेटायच्या बंद झाल्या तसा नफ्यातला फरकही विरत गेला. नळासारखं आहे ते, चालू आहे तोवर पाणी.

आता आणखी एक घोळ, आणि हा मला जास्त महत्त्वाचा वाटतो, बचतीचा गट म्हणजेच धंद्याचं नेटवर्क असं लोक धरून चालतात. केनियात चामा, घानात सुसू, इथिओपियात इकुब, दक्षिण आफ्रिकेत स्टोकवेल, फ्रेंच बोलणाऱ्या देशांत टोंटीन, आपल्या भिशीचीच भावंडं ही सगळी. 1991 मध्ये नायजर देशात मराडी भागात केअर या संस्थेने याचंच जरा बांधेसूद रूप सुरू केलं, ते पुढे आफ्रिकाभर पसरलं. साधारण 15 ते 25 बायका गोलात बसतात, मध्ये एक लोखंडी पेटी, तिला तीन कुलपं, तीन किल्ल्या तीन वेगवेगळ्या बायकांकडे आणि पेटी चौथीच्या घरी. सगळ्याजणी जमल्याशिवाय पेटी उघडतच नाही, आणि उघडली की पैसे सगळ्यांसमोर मोठ्याने मोजायचे. पेटीतून कर्ज निघतं, आजारपणासाठी वेगळा डबा असतो, आणि वर्षाअखेरीला सगळं वाटून घ्यायचं. भन्नाट व्यवस्था आहे, बँक न लागता चालणारी.

पण ही पेटी भांडवल देते आणि अडीनडीला आधार देते, माल कुठे घ्यायचा ते सांगतेच असं नाही. उलट गटातल्या निम्म्याजणी टोमॅटोच विकत असतील तर आपला स्वस्तवाला माणूस कोण हे कोण कशाला सांगेल? पैशाच्या बाबतीत एकमेकींवर डोळे मिटून विश्वास, पण सप्लायरचा नंबर विचारला की विषय बदलला. मी आमच्याकडच्या भिशीतही हे बघितलंय, साडीवाल्या दोघी शेजारी बसून सुरतच्या पार्टीचं नाव एकमेकींना सांगत नाहीत.

वर्गाशिवाय नुसत्या नेटवर्कवर काय होऊ शकतं त्याचं उदाहरण परत लोमेचंच. तिथल्या नाना बेंझ, वॅक्स प्रिंटचं रंगीत कापड विकणाऱ्या बायका, साठ ते ऐंशीच्या दशकात इतक्या श्रीमंत झाल्या की मर्सिडीज वापरायच्या, नावच त्यावरून पडलं. अमुक डिझाईन अमक्याच बाईने विकायचं असे हक्क त्यांच्याकडे होते, आणि धंदा लेकीने आईच्या दुकानात बसूनच शिकायचा. मग 1994 मध्ये तिथल्या चलनाचं, सीएफए फ्रँकचं मूल्य एका झटक्यात निम्मं केलं, बाहेरून येणारं कापड महागलं, नंतर चीनमधून स्वस्त नकला आल्या आणि ते हक्कांचं सोन्याचं जाळं फाटलं.

आणि एक विचित्र गोष्ट युगांडातली. कंपालात कात्वे म्हणून भाग आहे, वेल्डिंग आणि लोखंडकामाच्या शेडच शेड. युगांडात असल्या पुरुषी धंद्यांत शिरलेल्या बायका शिवणकाम, केशकर्तन, खाणावळ अशा धंद्यांतल्या बायकांच्या तिप्पट कमावतात, पुरुषांइतकं, असं तिथल्या अभ्यासात दिसलं. बाकीच्या बहुतेक बायकांना तिकडे जास्त पैसा आहे हेच मुळात माहीत नव्हतं. आणि ज्या शिरल्या त्या कशा शिरल्या तर बऱ्याचदा ओळखीतल्या एखाद्या पुरुषाचा हात धरून, घरातलं किंवा मैत्रीतलं कोणीतरी आधीच त्या धंद्यात होतं म्हणून. बायकांसाठी बायकांचंच नेटवर्क हे ऐकायला छान वाटतं, मलाही वाटतं, पण केस कापणाऱ्या पंधराजणींच्या गटात वेल्डिंग मशीन कुठे स्वस्त मिळतं ते कोणाला माहीत असणार.